दाब दुप्पट केला, फवाऱ्याचं धुकं झालं, तरी पानाची मागची बाजू कोरडीच का?

प्रश्न दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराचा आहे, तो थोडक्यात सांगतो. थॉमसन जातीची चार एकर बाग, वाय पद्धत (वेली इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराच्या मांडवावर), दोन ओळींत नऊ फूट अंतर. फळछाटणीनंतर पाऊस लागला आणि डाऊनीची, म्हणजे केवडा या बुरशीजन्य रोगाची भीती म्हणून त्यांनी ब्लोअरचा, म्हणजे पंख्याच्या हवेने फवारा फेकणाऱ्या यंत्राचा, दाब चौरस सेंटिमीटरला १२ किलोवरून २४ किलोवर नेला. नोझलच्या चकत्या १.२ मिलिमीटर भोकाच्या होत्या, त्या काढून १ मिलिमीटरच्या बसवल्या. फवारा इतका बारीक झाला की ट्रॅक्टरच्या मागे ढग दिसायचा. तरीही वलांड्याजवळच्या (वेलीच्या आडव्या कायम फांदीजवळच्या) पानांमागे पांढरी बुरशी आलीच, वर शेजारच्या कोथिंबिरीवर औषध गेलं म्हणून बोलणी खावी लागली. त्यांनी विचारलंय, "बारीक थेंब चांगले असं सगळेच सांगतात, मग माझं चुकलं कुठं?"

दादा, तुमची मेहनत कमी पडली नाही. चूक एवढीच झाली की दाबाकडून तुम्ही दोन कामांची अपेक्षा ठेवली: थेंब बारीक करायचा आणि तो पानापर्यंत पोचवायचा. दाब पहिलं काम करतो, तेही थोडंच. दुसरं काम त्याला जमत नाही. ते हवेचं काम आहे, आणि थेंब ठराविक आकारापेक्षा बारीक झाला की हवाच त्याला पानावर बसू देत नाही. मी बावीस वर्षं फवारणी यंत्रं बसवतो, नोझल मोजतो. हाच प्रश्न दर ऑक्टोबरात येतो, म्हणून या वेळी मुळापासून लिहितो.

आधी नोझलपाशी काय घडतं ते डोळ्यांनी बघा. अंधार पडल्यावर टाकीत नुसतं साधं पाणी घ्या, पंखा बंद ठेवा, एकच नोझल चालू करा आणि मोबाईलचा फ्लॅश लावून वीतभर अंतरावरून फोटो काढा. फोटो मोठा करून पाहिला की कळतं, नोझलमधून थेंब बाहेर पडतच नाहीत. बाहेर पडतो तो पाण्याचा काचेसारखा पारदर्शक पडदा. चकतीच्या मागच्या तबकडीतले तिरपे खाचे पाण्याला गरगर फिरवतात, त्यामुळे पाणी भोकाच्या कडेला चिकटून पोकळ शंकूसारखं पसरतं. जसजसं पसरतं तसतसं पातळ होतं. दोन-चार सेंटिमीटरवर या पडद्याला लाटा येतात, वाऱ्यावर झेंडा फडफडतो तशा. लाटेच्या शेंड्यावर पडदा फाटतो, त्याचे लांबट दोरे होतात, आणि ते दोरे तुटून थेंब होतात. आधी पडदा, मग दोरा, मग थेंब. हा क्रम ज्याला कळला त्याला निम्मी फवारणी कळली असं मी मानतो.

शेवटची पायरी, दोरा तुटून थेंब होण्याची, सगळ्यांत सुंदर आहे आणि ती घरच्या नळावरही दिसते. नळ अगदी बारीक सोडा. वर अखंड दिसणारी धार खाली जाऊन तुटते आणि टपटप आवाज येतो. हे का होतं? बेल्जियमच्या प्लाटोने १८७३ च्या सुमारास दाखवून दिलं की पाण्याच्या दंडगोल धारेवरची लाट धारेच्या घेरापेक्षा लांब असली की ती धार टिकत नाही. पाण्याला पृष्ठभाग कमी करायचा असतो, यालाच पृष्ठताण म्हणतात. धारेपेक्षा गोल थेंबांचा पृष्ठभाग कमी भरतो. पुढे १८७८ मध्ये इंग्लंडच्या लॉर्ड रॅले यांनी गणित मांडलं की असंख्य लाटांपैकी सर्वांत वेगाने वाढते ती धारेच्या जाडीच्या साडेचार पट लांबीची. तेवढ्या तुकड्यातलं पाणी एका थेंबात गोळा झालं तर थेंबाचा व्यास धारेच्या १.८९ पट येतो. म्हणजे २ मिलिमीटरच्या धारेतून पावणेचार मिलिमीटरचे थेंब. नोझलच्या पडद्यातून निघालेला दोरा ६० मायक्रॉनचा असेल तर थेंब ११० मायक्रॉनच्या आसपास. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो.

दोऱ्याचे थेंब झाल्यावर पृष्ठभाग सुमारे पाचव्या हिश्शाने कमी होतो. म्हणजे या पायरीला पंपाची ताकद लागतच नाही, पाणी आपलं आपण तुटतं. पंपाचं काम पडदा पातळ करण्यापुरतं आहे. आणि दोन मोठ्या थेंबांच्या मध्ये जो बारीक धागा ताणला जातो त्याचा आणखी एक चिमुकला थेंब होतो. याला मी उपथेंब म्हणतो. नोझल कितीही भारी घ्या, मोठ्या थेंबांबरोबर हा बारीक कचरा निघतोच. एकसारखे थेंब देणारं नोझल द्या, असं लोक मागतात. या जातीच्या नोझलमध्ये तसं मिळत नाही.

आता तुमच्या २४ किलोचा हिशोब करू. १२ किलो दाबाखालच्या एक लिटर पाण्यात साधारण १२०० ज्यूल ऊर्जा असते. ते लिटर पूर्णपणे १०० मायक्रॉनच्या थेंबांत फोडलं तर थेंबांची संख्या होते सुमारे १९१ कोटी, आणि त्या सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग ६० चौरस मीटर, म्हणजे एका चांगल्या दोन खोल्यांच्या घराएवढा. हा पृष्ठभाग तयार करायला किती ऊर्जा लागली? पाण्याचा पृष्ठताण मीटरला ०.०७२ न्यूटन, त्याला ६० ने गुणा: ४.३ ज्यूल. बाराशेपैकी चार! अर्धा टक्कासुद्धा नाही. पहिल्यांदा हे गणित केलं तेव्हा मी तीनदा तपासलं होतं. बाकीची ऊर्जा थेंबाच्या वेगात, हवा ढवळण्यात आणि शेवटी उष्णतेत जाते. डिझेल जळतं त्यातलं थेंब बनवायला जवळजवळ काहीच लागत नाही.

दाब दुप्पट केल्यावर थेंब निम्मा होतो असं बहुतेकांना वाटतं. तसं होत नाही. साधारण पाचव्या हिश्शानेच कमी होतो. कारण वर सांगितलेल्या पडद्यात आहे: दाब वाढवला की पडदा जास्त जोरात फडफडतो आणि लवकर, नोझलच्या जवळच फाटतो, आणि तिथे तो अजून जाड असतो. एका हाताने मिळालेलं दुसऱ्या हाताने जातं. पाणी मात्र दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे दुप्पट दाबाला ४१ टक्के जास्त. तुम्ही चकती लहान केली, तिचं क्षेत्रफळ ६९ टक्क्यांवर आलं. १.४१ गुणिले ०.६९ करा, उत्तर ०.९८ येतं. एकरी पाणी पूर्वीइतकंच बसलं, म्हणून टाकीकडे बघून तुम्हाला काही बिघडल्याचं कळलं नाही. बिघडलं ते थेंबात. दाब आणि चकती दोन्ही मिळून, माझ्या अंदाजाने, तुमचा सरासरी थेंब दीडशेवरून शंभरच्या जवळ आला असणार. व्यास दीडशेचा शंभर झाला की त्याच पाण्यात थेंब सव्वातीन पटींहून जास्त होतात. ऐकायला छान वाटतं. आता त्या थेंबांचं पुढे काय होतं ते बघू.

पहिली गोष्ट वेगाची. १२ किलो दाबाने पाणी सेकंदाला जास्तीत जास्त ४९ मीटर वेगाने सुटतं, २४ किलोने ६९ मीटरने. हा वेग थेंबाला किती लांब नेतो? स्थिर हवेत १०० मायक्रॉनचा एकटा थेंब ४९ मीटरच्या वेगाने सोडला तर तो ३२ सेंटिमीटरमध्ये आपला जोर संपवतो. ६९ मीटरने सोडला तर ३८ सेंटिमीटरमध्ये. इंजिनावर दुप्पट भार टाकून सहा सेंटिमीटर मिळाले. आणि थेंब ५० मायक्रॉनचा असेल तर ६९ मीटरच्या वेगानेही वीतभर जायच्या आतच थांबतो. फवारा प्रत्यक्षात याहून लांब जातो, कारण हजारो थेंब मिळून हवा सोबत ओढतात आणि मागे पंखा असतो. पण मुद्दा तोच: नोझलपासून हातभर अंतरानंतर थेंब स्वतःच्या जोरावर जात नाही, तो हवेच्या खांद्यावर बसून जातो.

दुसरी गोष्ट वाळण्याची, आणि तुमचा तोटा इथं झाला असं मला वाटतं. पाण्याचा थेंब किती सेकंद टिकतो याचं एक जुनं, कामाचं सूत्र आहे. थेंबाच्या मायक्रॉनमधल्या व्यासाचा वर्ग करा, त्याला ८० ने भागा, आणि पुन्हा कोरड्या व ओल्या (बुडाला ओलं फडकं गुंडाळलेल्या) थर्मामीटरमधल्या अंशांच्या फरकाने भागा. ऑक्टोबरच्या दुपारी आपल्याकडे ३२ अंश तापमान आणि ४० टक्के आर्द्रता असेल तर हा फरक साधारण १० अंश येतो. १०० मायक्रॉनचा थेंब साडेबारा सेकंदांत संपला. ५० चा तीन सेकंदांत. २०० चा मात्र ५० सेकंद टिकतो. पहाटे दव असताना फरक २ अंश असेल तर १०० चा थेंब मिनिटभर राहतो. दाट फवाऱ्याच्या आत हवा ओलसर झालेली असते, त्यामुळे तिथे थेंब थोडा जास्त तग धरतो. कडेचे थेंब मात्र वाळतात. आणि वाळला म्हणजे औषध नाहीसं झालं असं नव्हे. पाणी उडतं, औषधाचा सुका कण उरतो, आणि तो इतका हलका असतो की वाऱ्याबरोबर कुठेही जातो. शिंकेतले थेंब किती वेळ हवेत राहतात याचा विचार अमेरिकेत वेल्स यांनी १९३४ मध्ये याच वाटेने केला होता: मोठा थेंब वाळण्याआधी जमिनीवर पडतो, लहान थेंब पडण्याआधी वाळतो आणि त्यातला कण तरंगत राहतो. करोनाच्या काळात हीच चर्चा सगळ्यांनी ऐकली. द्राक्षबागेतलं भौतिकशास्त्र त्याहून वेगळं नाही.

तिसरी गोष्ट पानापाशी घडते, आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. नदीच्या प्रवाहात दगड असला की पाणी त्याला वळसा घालून जातं. पालापाचोळाही पाण्याबरोबर वळतो, पण मोठा ओंडका सरळ येऊन दगडावर आदळतो. पान म्हणजे दगड, हवा म्हणजे नदी. कॅनॉपीच्या, म्हणजे वेलीच्या पानांच्या पसाऱ्याच्या, आत पोचेपर्यंत हवेचा वेग सेकंदाला पाच मीटरवर आला असं धरा. हवा वळल्यावर १०० मायक्रॉनचा थेंब आपल्या नेटाने आठ सेंटिमीटर सरळ जाऊ शकतो, म्हणून तो पानावर आदळतो. ५० चा जेमतेम अडीच सेंटिमीटर जातो, काही आदळतात, काही निसटतात. २० मायक्रॉनचा अर्धा सेंटिमीटरही जात नाही. वीतभर रुंद पानासमोर तो हवेबरोबर अलगद वळतो आणि मागच्या ओळीकडे निघून जातो. बारीक धुकं पानावर बसतं हा समज इथं मोडतो. धुक्यातून चालताना पापण्यांवर आणि मिशांवर थेंब जमतात, पण गाल तेवढे ओले होत नाहीत, हे आठवून बघा. बारीक थेंबाला बारीक वस्तू पकडते. म्हणून धुकं तणाव्याच्या तारेवर, घडाच्या देठावर, पानाच्या लवेवर बसतं, पानाच्या सपाट भागावर नाही.

डाऊनीचं तर सगळं पानाच्या पाठीवर अवलंबून आहे. द्राक्षाच्या पानाची श्वासछिद्रं खालच्या बाजूलाच असतात. या बुरशीचे पोहणारे बीजाणू पाण्याच्या थरातून पोहत जाऊन त्याच छिद्रांतून आत शिरतात. बोर्डोसारखं (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) स्पर्शजन्य, म्हणजे जिथे पडतं तिथेच काम करणारं औषध तिथे नसेल तर वरून पान निळंशार झालं तरी उपयोग नाही.

२००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळाचा पाऊस झाला त्या वर्षीची गोष्ट सांगतो. निफाडकडच्या एका बागेत मीच बारीक चकती बसवून दिली होती. पाऊस उघडल्यावर दोन फवारण्या झाल्या, फवारा बघून मालकही खूश, मीही खूश. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. बागेत गेलो, वलांड्याजवळचं एक पान उलटं केलं. मागे पांढरी लव, दाट, मिठाचा हात फिरवल्यासारखी. घडांवरही उतरली होती. दुसऱ्या दिवशी पिवळा कागद घेऊन पुन्हा गेलो. हा कागद पाणी लागलं की तिथे निळा होतो. ओळीच्या बाहेरच्या पानांना, मधल्या पानांना आणि वलांड्याजवळ पानांच्या मागच्या बाजूला स्टेपलरने लावला, नुसत्या पाण्याचा फवारा मारला. बाहेरचा कागद सगळा निळा, ओघळ आलेला. मधला ठीक. आतला पिवळाधमक. भिंगातून पाहिलं तर त्यावर मोजून अकरा ठिपके. त्या घरातलं वर्ष गेलं. तेव्हापासून कागद लावल्याशिवाय मी कुणालाही चकती सुचवत नाही.

मग पानाची पाठ भिजवायची कशी? पानं हलली पाहिजेत, आणि आतली हवा बदलली पाहिजे. ओळीतल्या कॅनॉपीत जी कोरडी हवा आहे ती बाहेर ढकलून तिच्या जागी थेंब असलेली हवा भरायची, एवढंच ब्लोअरचं काम. तुमच्या बागेत नऊ फुटांची ओळ म्हणजे २.७५ मीटर, कॅनॉपी साधारण २ मीटर उंच धरू. ट्रॅक्टर ताशी ४ किलोमीटरने चालला तर सेकंदाला १.१ मीटर पुढे जातो. गुणाकार करा: सेकंदाला सहा घनमीटर, तासाला सुमारे २२ हजार घनमीटर हवा बदलायला हवी. ब्लोअरची हवा आजूबाजूची हवाही ओढून घेते, म्हणून यापेक्षा थोड्या कमी हवेचा पंखाही चालतो. पण तुमचा पंखा तासाला १५ हजार घनमीटरचा असेल आणि तुम्ही ताशी ६ किलोमीटरने पळवत असाल तर आतली हवा बदलतच नाही. थेंब कॅनॉपीच्या दारात थांबतो. मग दाब कितीही वाढवा.

उलटही होतं. फार लहान कॅनॉपीवर पूर्ण वेगाचा पंखा मारला तर पानं कौलांसारखी एकमेकांवर चिकटून बसतात आणि मागची बाजू झाकली जाते. पानं सळसळली पाहिजेत, आडवी पडता कामा नयेत. ओळीच्या पलीकडे उभं राहून बघितलं की हे लगेच कळतं: पलीकडच्या बाजूची पानं हलकेच हलताहेत आणि हाताला थोडा ओलावा लागतोय, एवढी हवा पुरे. पलीकडून ढग बाहेर येत असेल तर ते औषध तुमच्या कामाचं उरलं नाही.

हवेबद्दल आणखी एक. ब्लोअरची जोरदार हवा मोठ्या थेंबाला पुन्हा फोडते. थेंबावर हवेचा मारा विरुद्ध पृष्ठताणाची पकड, या दोघांच्या गुणोत्तराला वेबर अंक म्हणतात. पाण्यासारख्या पातळ द्रवात तो १२ च्या वर गेला की थेंब टिकत नाही. आधी चपटा होतो, मग मधोमध फुगून पिशवीसारखा होतो, पिशवी फुटते, तिचे बारीक तुषार उडतात आणि कडेच्या जाड कड्याचे मोठे थेंब होतात. पावसाच्या मोठ्या थेंबांचंही असंच होतं, म्हणून पाच-सहा मिलिमीटरपेक्षा मोठा थेंब आभाळातून खाली येईपर्यंत सहसा टिकत नाही. फ्रान्समधल्या व्हिलेर्मो आणि बोसा यांनी २००९ मध्ये वेगवान कॅमेऱ्याने हे एकेका थेंबावर टिपलं, ती चित्रं पाहून माझ्या डोक्यातला पाऊसच बदलला. आपल्या कामाचा आकडा असा: हवा आणि थेंब यांच्या वेगात सेकंदाला ४० मीटरचा फरक असेल तर ४५० मायक्रॉनपेक्षा मोठा थेंब फुटतो, ६० मीटरचा असेल तर २०० पेक्षा मोठा. म्हणजे हवेच्या झोतातच नोझल असेल तर मोठे थेंब हवाच आवरते. चकती बारीक करून ते काम आधीच उरकायची गरज नाही.

स्टिकर आणि स्प्रेडरबद्दलही (औषध पानाला चिकटवणारी आणि पसरवणारी द्रव्यं) तुम्ही विचारलं होतं, ते थोडक्यात. स्प्रेडर पाण्याचा पृष्ठताण मीटरला ७२ मिलिन्यूटनवरून तिसावर, सिलिकॉनचा असेल तर विसाच्या जवळ आणतो. तरी त्याने नोझलपाशी थेंब तेवढ्या प्रमाणात बारीक होत नाही. कारण वेळ. पडदा तयार होऊन फाटेपर्यंत सेकंदाचा हजारावा भागही जात नाही, आणि स्प्रेडरचे रेणू आतून नव्या पृष्ठभागावर यायला त्याहून जास्त वेळ घेतात. पडद्याला ते भेटतच नाहीत. पानावर थेंब पडल्यावर मात्र त्यांना भरपूर वेळ असतो, तिथे ते काम करतात. उलट ईसी औषधांत (पाण्यात दुधासारखी मिसळणारी तेलकट औषधं) तेलाचे बारीक कण असतात, ते पडद्याला भोकं पाडतात, पडदा जाड असतानाच फाटतो आणि थेंब थोडे मोठे होतात. तेव्हा साध्या पाण्याची चाचणी ही सुरुवात समजा, खरी चाचणी टाकीतल्या मिश्रणाची. आणि सिलिकॉन जपून. जास्त पाणी असताना तो थेंबांना एकत्र करून खाली ओघळवतो, पानाच्या टोकाशी औषध जमा होतं.

इलेक्ट्रोस्टॅटिक ब्लोअर घ्यावा का, असं तुमच्या सारखे बरेच जण विचारतात. थेंबाला विद्युतभार दिला की तो झाडाकडे ओढला जातो, पानामागेही वळतो, हे खरं आहे. पण भारित थेंब सगळ्यांत जवळच्या पानाकडे आधी ओढला जातो. दाट कॅनॉपीत बाहेरचा थरच तो खाऊन टाकतो. फेल (नको असलेल्या फुटी) काढून, विरळणी करून मोकळी ठेवलेली बाग असेल तर फरक दिसतो. बाग गच्च असेल तर आधी कात्री चालवा.

आता कोथिंबीर. तुम्ही म्हणालात की वारा नव्हता, पहाट होती, तरी औषध गेलं. मला वाटतं, वारा नव्हता म्हणूनच गेलं. थंडी सुरू झाली की रात्री जमीन गार होते, जमिनीलगतची हवा गार आणि जड होते, तिच्यावर ऊबदार हवेचं झाकण बसतं. शेकोटीचा धूर वर न चढता आडवा पसरतो, पट्ट्यासारखा, तेव्हा हेच असतं. अशा हवेत वरखाली ढवळण होत नाही. १०० मायक्रॉनचा थेंब सेकंदाला २५ सेंटिमीटरने खाली येतो, तो दहा सेकंदांत बसतो. १० मायक्रॉनचा सेकंदाला फक्त ३ मिलिमीटर उतरतो. अडीच मीटरवरून जमिनीवर यायला त्याला जवळजवळ चौदा मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात तो ढग उताराच्या बाजूला, बांध ओलांडून सरकतो. ताशी तीन-चार ते दहा किलोमीटरचा एकसारखा वारा, शेजारच्या पिकापासून उलट दिशेला, आणि ऊन थोडं वर आलेलं, दव सुकत आलेलं, ही वेळ पूर्ण शांत पहाटेपेक्षा सुरक्षित. बांधालगतच्या शेवटच्या ओळीला बाहेरच्या बाजूची नोझल बंद करा आणि आतल्या दिशेनेच मारा.

आणि फवारणाऱ्या माणसाची काळजी घ्या. जो थेंब पानाला वळसा घालून जातो तोच श्वासाबरोबर आत जातो. १० मायक्रॉनच्या आतलं धुकं नाका-घशात न थांबता खोल उतरू शकतं. तोंडाला ओला रुमाल बांधून ते अडत नाही. रबरी मास्क, त्याला औषधासाठी असलेली कार्ट्रिज, आणि ती वेळेवर बदललेली. तुमचा मुलगा ट्रॅक्टरवर असतो असं तुम्ही लिहिलंय, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

तुमच्यासाठी उपाय असा. १ मिलिमीटरच्या चकत्या काढून १.२ च्या नव्या बसवा. जुन्या १.२ च्या ठेवल्या असतील तर त्या वापरू नका. बोर्डो आणि गंधकाने भोक झिजतं, ते डोळ्याला दिसत नाही. प्रत्येक नोझलखाली मोजपात्र धरून एक मिनिट पाणी घ्या, नव्यापेक्षा दहा टक्के जास्त देत असेल ते बाद. दाब ८ ते १० किलोवर ठेवा. थेंब सरासरी १५० ते २०० मायक्रॉनचे मिळाले की पुरेत. ट्रॅक्टर ताशी ४ च्या आत. वरची जी नोझल कॅनॉपीच्या डोक्यावरून आभाळात मारतात ती बंद करा.

पाण्याचं प्रमाण लगेच कमी करू नका, औषधाची एकरी मात्रा तर मुळीच नको, ती लेबलवर आहे तीच. पण एक हिशोब माहीत असू द्या. स्पर्शजन्य बुरशीनाशकाला चौरस सेंटिमीटरवर ७० ठिपके पडले तर आम्ही फवारणी चांगली समजतो. एकरात जमिनीच्या दुप्पट पान धरलं आणि पानाच्या दोन्ही बाजू मोजल्या, तर २०० मायक्रॉनच्या थेंबांनी हे सगळं भरायला ४७-४८ लिटर पाणी पुरतं. तुम्ही एकरी ४०० लिटर वापरता. पाणी कमी नाही. बाहेरच्या पानावर दहा पट आणि आतल्या पानावर शून्य, अशी वाटणी झालीय.

पुढच्या फवारणीआधी पिवळे कागद आणा, ओल्या हाताने धरू नका. एका ओळीत तीन वेली निवडा. प्रत्येक वेलीला पाच कागद: बाहेरचं पान वरून, बाहेरचं पान मागून, मधल्या काडीचं पान मागून, वलांड्याजवळचं पान मागून, आणि एक घडाच्या आतल्या देठाजवळ गुंडाळून. साध्या पाण्याने त्या ओळीच्या दोन्ही बाजूंनी एकदा जा, कागद सुकू द्या, मागे पेन्सिलने जागा लिहा. वलांड्याजवळच्या कागदावर नखाएवढ्या चौकोनात पन्नासच्या वर ठिपके असतील तर तशीच फवारणी करा. वीसच्या खाली असतील तर दाबाला हात न लावता आधी ट्रॅक्टरचा वेग कमी करून पुन्हा कागद लावा, आणि तरीही फरक पडला नाही तर त्या जागेच्या बगलफुटी काढून तिसऱ्यांदा लावा. तिन्ही वेळचे कागद एका पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवा आणि मला दाखवा, तेव्हा चकतीचं बोलू.